काचेतले मेले, हौदातले जगले: शोभिवंत माशांच्या मरतुकीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गुहागर तालुक्यात, किनाऱ्यापासून थोडं आत, जांभ्याच्या सड्याखाली वसलेलं एक गाव. नाव-गाव बाजूला ठेवतो. युनिट चालवणाऱ्या बाईंना इथे नुसतं ‘काकू’ म्हणू, तालुकाभर त्यांना तसंच म्हणतात.

घरामागच्या जुन्या गोठ्यात काकूंनी काचेच्या टाक्यांच्या दोन रांगा मांडल्या होत्या. बाहेर शेडनेटखाली सिमेंटचे तीन हौद. गोल्डफिश, कोई, गप्पी आणि मॉली असा माल. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० साली आली. तिच्यात परसातल्या शोभिवंत मत्स्यसंगोपन युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला होता आणि महिलांना त्यावर ६० टक्के अनुदान होतं. काकूंचं युनिट त्यातूनच उभं राहिलं. गप्पी आणि मॉली त्या घरीच वाढवायच्या. गोल्डफिशची पिल्लं मात्र मुंबईहून, कुर्ल्याच्या व्यापाऱ्याकडून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्मोकोलच्या खोक्यातून यायची. ती मुळात कोलकात्याची किंवा चेन्नईची असतात, म्हणजे काकूंच्या दारात पोचेपर्यंत त्यांचे दोन-तीन मुक्काम झालेले असतात. महिना-दीड महिना वाढवून चिपळूण-खेडच्या दुकानांना द्यायची, असा धंदा.

पाणी घरच्या विहिरीचं. जांभ्यातली विहीर म्हणजे पाणी पिण्याला गोड, साबणाला फेस भरपूर आणि किटलीत पांढरा थर नावालाही नाही. लाखो वर्षांच्या पावसाने या दगडातला चुना धुऊन नेला आहे, त्यामुळे पाण्यात क्षारता जवळजवळ नसते. माणसांना त्याचं काही वाटत नाही. मासे ठेवणाऱ्याला वाटायला हवं, कारण पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट) सावरून धरण्याचं काम ही क्षारताच करते.

या प्रकरणात आणखी एक पाणी आहे. परसात साठवणीची मोठी सिमेंटची टाकी होती. मे महिन्यात तिला आतून नवं प्लास्टर केलं. लाइट असली की काचेच्या टाक्यांना पंपाने थेट विहिरीचं पाणी मिळायचं. लाइट गेली की साठवणीच्या टाकीतलं, बादलीने. जून-जुलैत गुहागरकडे लाइट किती वेळ असते हे तिकडच्या माणसाला सांगायला नको.

अडचण

जूनच्या मध्यावर गोल्डफिशची नवी पिल्लं आली. काचेच्या टाक्यांत जागा कमी पडली म्हणून त्यातली थोडी एका हौदात सोडली. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला, पण तेव्हा तो कोणाच्या ध्यानात नव्हता.

आठवडाभराने काचेच्या टाक्यांत मासे मरायला लागले. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायचे, पर मिटून घ्यायचे, अंगावर बुळबुळीत पांढुरका थर यायचा. खाणं सोडलं की एक-दोन दिवसांत उलटे. आधी गोल्डफिश गेले, मग त्याच रांगेतल्या गप्पी, मागोमाग मॉली. मर बहुतेक पहाटेची असायची.

मासा मेला की पाणी बदलायचं, हे काकूंना योजनेच्या प्रशिक्षणात शिकवलेलं होतं आणि ते चूकही नाही. त्या प्रत्येक मरतुकीनंतर निम्मं पाणी बदलत होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी मासे मेलेले दिसायचे, की पुन्हा पाणी.

कारणांचा बाजार भरला. काकांचं मत ठाम होतं, “रोग मुंबईहून आलाय, दुसरं काही नाही.” शेजाऱ्यांचं म्हणणं, ग्रामपंचायतीने विहिरींत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकलं असणार. दुकानदाराने फोनवर निळं औषध, मीठ आणि मेडिकलमधून आणायच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल सुचवल्या. घाबरलेल्या माणसाच्या हातात तीन औषधं दिली की तो तिन्ही वापरतो. एका टाकीत निळं, दुसरीत मीठ आणि कॅप्सूल, तिसरीत सगळंच. सुदैवाने खालच्या रांगेतल्या दोन टाक्यांत काहीच टाकायचं राहून गेलं होतं.

मेलेले मासे काकूंनी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले. पुतण्या मुंबईला निघाला होता, त्याच्याबरोबर पिशवी कुत्र्या-मांजरांच्या तपासण्या करणाऱ्या एका खाजगी लॅबकडे पाठवली. तिथून उत्तर आलं की माशांचं काम इथे होत नाही, आणि होत असतं तरी हा नमुना चालला नसता. गोठलेल्या पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे अशा कल्ल्यात सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याजोगं काही उरत नाही. त्यातून हे मासे फ्रीजरमध्ये जायच्या आधीच कित्येक तास कोमट पाण्यात पडून होते.

या टप्प्यावर काकूंचा मला फोन आला. मी मत्स्यशास्त्र शिकलेला, चिपळूणकडे माशांच्या खाद्याचं काम करतो आणि अशा युनिटांवर जाऊन-येऊन असतो.

समोर असलेले पर्याय

औषधं चालू ठेवणं सगळ्यांत सोपं होतं. मला ते नको होतं. एक तर कारण माहीत नव्हतं. दुसरं, अँटिबायोटिक दिलेल्या माशातून जिवाणू वाढवून बघायचं म्हटलं तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. आणि अशी औषधं फिल्टरच्या स्पंजात राहणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही मारू शकतात. पहिला निर्णय म्हणून सगळी औषधं त्याच दिवशी बंद केली.

दुसरा पर्याय तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना. तिथले डॉक्टर गाई-म्हशींचे. त्यांनी सरळ सांगितलं, “मासा हा माझा विषय नाही, पण नमुना कसा घ्यायचा हे शास्त्र एकच आहे. मी येतो.” या माणसाचा उपयोग पुढे कुठल्याही औषधापेक्षा जास्त झाला. कोकणात माशांचा डॉक्टर मिळत नाही म्हणून लोक थेट दुकानदाराकडे जातात. वाटेत हा दवाखाना लागतो, तो वगळू नये.

तिसरा पर्याय मुंबई. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, माशांच्या आजारांवर तिथे काम चालतं. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण आजारी, जिवंत मासा पावसाळ्यात रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये टिकेल याची खात्री नव्हती.

चौथा पर्याय रत्नागिरी. शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, शहरात पेठकिल्ल्याला विद्यापीठाचंच सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. मत्स्यशास्त्राची माणसं जवळात जवळ असतील तर तिथेच. फोनाफोनी केली आणि एका प्रयोगशाळेतल्या मॅडमनी मासे आणायला सांगितलं. त्यांनी फोनवरच विचारलं, “एकाच जातीचे मरतायत की सगळेच?” सगळेच, म्हटल्यावर म्हणाल्या, “मग पाणी नक्की आणा. माशापेक्षा पाणी महत्त्वाचं असेल कदाचित.”

त्यामागचा विचार असा. विषाणू सहसा यजमान, म्हणजे ज्याच्या अंगात वाढायचं ती जात, निवडून घेतात. गोल्डफिशच्या हर्पिस विषाणूची भारतात नोंद झालेली आहे आणि बाहेरून आलेल्या गोल्डफिशमध्ये मर लागली तर तो संशय घ्यायलाच हवा. पण तो गप्पी-मॉलीला मारत नाही. तीन वेगळ्या जाती एकाच आठवड्यात, एकाच रांगेत मरायला लागल्या तर आधी बघायचं ते त्या सगळ्यांच्या नाकातोंडातून जाणारं पाणी.

नमुना घेताना

निघण्यापूर्वी टीसीएलचा संशय मिटवून टाकला. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची बाटली असते. पाण्यात दोन थेंब टाकले आणि क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. त्याने विहिरीचं, साठवणीच्या टाकीचं आणि काचेच्या टाकीचं पाणी बघितलं. पिवळेपणा कुठेच नाही. घरची विहीर असल्याने पंचायतीने तिच्यात काही टाकलंही नव्हतं. फुकटात आणि पाच मिनिटांत एक कारण यादीतून गेलं.

मग कुठले मासे न्यायचे हा प्रश्न. मेलेला मासा कोमट पाण्यात दोन-तीन तासांत आतून विरघळायला लागतो, आणि कल्ल्यावरचे परजीवी मेलेल्या माशाला सोडून जातात. म्हणून न्यायचा तो आजारी पण जिवंत मासा, लक्षणं स्पष्ट दिसणारा. तो औषध न पडलेल्या खालच्या रांगेतल्या टाक्यांतूनच घ्यायचा, हेही ठरलं.

खरी वादावादी झाली ती धडधाकट माशांवरून. मी म्हटलं, हौदातलेही दोन मासे न्यायचे. काकू उखडल्या. “अहो, जगलेत ते चार. धड मासा कशाला मारायला न्यायचा?” त्यांचं चुकत नव्हतं, तेवढाच माल उरला होता. पण हौदातले ते गोल्डफिश त्याच खोक्यातून आले होते. मुंबईहून रोग आला असेल तर तो त्यांच्याही अंगावर असायला हवा. आजारी माशात काय सापडलं एवढंच कळून भागत नाही, जगलेल्या माशात ते आहे की नाही हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. काका इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, “दोन द्या. नाहीतर उद्या सगळेच द्यावे लागतील.” मला विचाराल तर सबंध प्रकरण याच निर्णयावर उलगडलं.

काकूंकडे विक्रीचे मासे भरायला ऑक्सिजनचा सिलिंडर होताच. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, पाणी ज्याच्या त्याच्या टाकीतलं. आजारी मासे एका पिशवीत, हौदातले दुसऱ्या, दोन्ही थर्मोकोलच्या खोक्यात.

अगदी मरायला टेकलेले दोन मासे मात्र नेले नाहीत. लवंगतेलाच्या पाण्यात त्यांना शांत केलं आणि डॉक्टरांनी परसातच कल्ले, मूत्रपिंड आणि यकृताचे छोटे तुकडे कापून फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकले. तुकड्याच्या दहापट द्रव हवा, यावर ते आग्रही होते. फॉर्मॅलिन कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्राच्या सरांकडून आणलं होतं. तेच तुकडे दुसऱ्या बाटलीत शुद्ध अल्कोहोलमध्येही ठेवले, पुढे विषाणूसाठी पीसीआर करावीशी वाटली तर असावेत म्हणून. काकूंच्या बोटाला विळीची चीर होती. डॉक्टरांनी हातमोजे घातल्याशिवाय त्यांना पाण्यात हात घालू दिला नाही. माशांच्या टाकीत राहणारा क्षयाच्या जातकुळीतला एक जिवाणू चिरेतून माणसाच्या कातडीत शिरतो आणि महिनोन्‌महिने गाठी बऱ्या होत नाहीत.

पाण्याच्या बाटल्या चार: आजारी टाकी, हौद, विहीर, साठवणीची टाकी. काठोकाठ भरून, बर्फाच्या पेटीत. पीएच जागच्या जागी मोजला, कारण बाटलीत पाणी हिंदकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच बदलतो. काचेच्या आजारी टाकीत तो ५.६ भरला. हौदात ७.८, साठवणीच्या टाकीत ८.४. विहीर ६.१.

५.६ बघून काका म्हणाले, “म्हणजे ॲसिड झालंय.” झालं होतं. पण तेवढ्याने पाणी बदललं की जास्त मासे का मरतात, याचा खुलासा होत नव्हता.

जायचं कसं, हाही निर्णयच होता. चिपळूण-संगमेश्वरवरून हायवेने गेलं तर फेरा मोठा आणि खड्डे. तवसाळहून जयगडला फेरीबोटीने खाडी ओलांडली की अंतर खूप वाचतं, पण वारा जास्त असेल तर बोट थांबते. पहाटे तवसाळला फोन करून बोट चालू असल्याची खात्री केली आणि मगच पिशव्या भरल्या. वाटेत एक आजारी मासा गेला. बाकीचे पोचले.

अहवाल, आणि तो वाचताना

सगळे निकाल एकदम येत नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं. कल्ल्याचा ओला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली आमच्यासमोरच बघितला. पाण्याचे आकडे दुसऱ्या दिवशी फोनवर कळले. जिवाणूंची वाढ बघायला काही दिवस लागले. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यांचा अहवाल तर मर थांबल्यावर आला. निर्णय घ्यावे लागले ते पहिल्या दोनांवर.

कल्ल्यावर परजीवी चपटकृमी दिसले, डॅक्टिलोगायरस जातीचे. थोडे होते, पण होते. काकांचा चेहरा उजळला. मॅडमनी मग हौदातला धडधाकट मासा घेतला. त्याच्याही कल्ल्यावर तेच कृमी, जवळपास तितकेच. दोन्हीकडे जे सारखं आहे ते एका बाजूच्या मरतुकीचं कारण होऊ शकत नाही. काकूंनी दिलेल्या त्या दोन माशांचं मोल इथे वसूल झालं. ते नसते तर आम्ही कृमींचं औषध घेऊन परत आलो असतो आणि मासे मरतच राहिले असते.

पाण्याचे आकडे आले तेव्हा चित्र पालटलं. क्षारता विहिरीत लिटरमागे १२ मिलिग्रॅम, साठवणीच्या टाकीत ११०, हौदात ८५ आणि आजारी टाकीत ४, म्हणजे संपल्यात जमा. त्याच टाकीत एकूण अमोनिया मात्र लिटरमागे १० मिलिग्रॅम. हौदात तो अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी.

मॅडमनी विचारलं, “पाणी कधी कधी बदललंत, कुठलं वापरलंत, काही लिहून ठेवलंय का?” काकूंनी लिहिलं होतं. घरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाखाली त्या रोज मेलेले मासे मांडायच्या आणि पाणी बदललं की ‘पा.’ लिहायच्या. लाइट गेली की ‘ला.ना.’ हेही. त्यांनी पानाचा फोटो पाठवला. ज्या दिवशी ‘ला.ना.’ आणि ‘पा.’ एकत्र होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा दर वेळी मोठा. नुसतं ‘पा.’ असेल, म्हणजे विहिरीचं पाणी घातलेलं असेल, तेव्हा आकडा लहान.

आता सगळं जुळत गेलं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, पण त्या कामात ते क्षारता खातात, अमोनियातल्या दर एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम. जांभ्याच्या पाण्यात मुळातच क्षारता नाही. त्यात नवी पिल्लं आली, खाद्य वाढलं, पावसाने विहीर आणखी पातळ झाली. क्षारता संपली तसा पीएच कोसळला. पीएच ६ च्या खाली गेला की हे जिवाणू जवळपास थांबतात, आणि अमोनिया साठत जातो.

गंमत अशी की इतक्या आंबट पाण्यात हा साठलेला अमोनिया माशाला फारसा मारत नाही. त्याची दोन रूपं असतात. आम्लात तो अमोनियम होऊन राहतो, ते रूप बरंचसं निरुपद्रवी. पीएच वाढला की त्यातला काही भाग विषारी अमोनियात बदलतो आणि कल्ल्यांतून थेट रक्तात जातो. २८ अंश तापमानाला पीएच ५.६ असताना विषारी भाग टक्क्याचा तिसावा हिस्साही नसतो. पीएच ८ ला तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो.

लाइट गेली की काकू निम्मं पाणी काढून साठवणीच्या टाकीतलं, नव्या प्लास्टरचा चुना उतरलेलं पाणी घालत होत्या. एकूण अमोनिया त्याने निम्मा व्हायचा. पण पीएच ८ कडे उसळला की विषारी भाग शंभरपटीहून जास्त वाढायचा. त्यात लाइट नसल्याने हवेचा पंप बंद. पहाटेची मर यातून होती. पाणी बदलत नसतानाही थोडे मासे मरत होते ते आम्लाच्या त्रासाने.

आणि हौद? सिमेंटमधून थोडा थोडा चुना उतरत राहतो, त्यामुळे क्षारता टिकून होती. शिवाय पाणी हिरवं होतं. शेवाळ अमोनिया खातं. काकू तेच पाणी ‘घाण’ म्हणून बदलायच्या विचारात होत्या.

जिवाणूंचा अहवाल आला तो थोडा घोटाळ्याचा. दोन आजारी माशांच्या मूत्रपिंडातून एरोमोनास हायड्रोफिला वाढला. काका म्हणाले, “बघा, निघाला ना जंतू!” कागदावर जंतूचं नाव छापून आलं की बाकी सगळं विसरायला होतं. शिकल्यासवरल्या लोकांचंही होतं. एरोमोनास गोड्या पाण्यात जवळपास सगळीकडे असतो आणि खचलेल्या माशाच्या अंगात शिरतो. तो सापडला हे खरं, पण त्याने सुरुवात केली असं यातून ठरत नाही. कुठलं अँटिबायोटिक लागू पडतं त्याची यादी अहवालात होती. मॅडमचा सल्ला होता की पाणी सुधारल्यावरही मर चालू राहिली तरच ती वापरायची. आम्ही तो मानला.

उशिरा आलेल्या पेशींच्या अहवालात कल्ल्यांच्या पाकळ्या सुजून टोकांशी एकमेकींना चिकटल्याचं लिहिलं होतं. पाण्यातल्या त्रासदायक द्रव्यामुळे बरेच दिवस चिडलेल्या कल्ल्यांचं हे नेहमीचं चित्र आहे. विषाणूची खूण म्हणता येईल असं त्यात काही नव्हतं.

केलेले उपाय

मोह असा होता की सोडा घालून पीएच झटकन वर आणावा. अमोनिया साठलेला असताना ते केलं असतं तर त्याच रात्री टाक्या रिकाम्या झाल्या असत्या. म्हणून क्रम उलटा ठेवला: आधी अमोनिया बाहेर, मग पीएच वर.

दोन दिवस खाद्य पूर्ण बंद. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी बदलायचं, तेही फक्त विहिरीचं, कारण त्याने पीएच उसळत नाही. साठवणीच्या टाकीच्या नळाला काकांनी सुतळी बांधून टाकली. हौदातले जुने, जिवाणूंनी भरलेले स्पंज काढून काचेच्या टाक्यांत बसवले. हवेच्या पंपाला बॅटरीची जोड दिली.

अमोनिया उतरल्यावर क्षारतेकडे वळलो. त्यासाठी बाजारातून काही आणावं लागलं नाही. तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, वाळवून, कुटून जाळीच्या पिशवीत भरले आणि प्रत्येक फिल्टरजवळ टांगले. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आंबट असेल तर तो विरघळतो, पीएच सातच्या वर सरकला की विरघळणं मंदावतं, त्यामुळे जास्त झाला म्हणून बिघडत नाही. सोड्याला ही अक्कल नसते.

कृमींचं औषध, प्राझिक्वांटेल, पाणी स्थिर झाल्यावर दिलं. हे कृमी अंडी घालतात आणि औषध अंड्यांना लागत नाही, म्हणून काही दिवसांनी दुसरा हप्ताही.

परिणाम

विहिरीचं पाणी घालायला लागल्यापासून मोठे आकडे दिसले नाहीत. आठवड्याभरात गप्पी-मॉलींची मर थांबली. गोल्डफिश त्यानंतरही एक-दोन करत जात राहिले. चिकटलेले कल्ले लगेच सुटत नाहीत. नव्या पिल्लांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास गेली. उरलेली गणपतीआधी चिपळूणला विकली गेली, पण हंगामाचा हिशेब तोट्यातच राहिला. अँटिबायोटिक द्यावंच लागलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

योजनेच्या खरेदीत पाणी तपासायची पेटी आली होती. ती सीलबंद होती आणि तिच्यातल्या द्रावणांची मुदत संपली होती. पीएच आणि क्षारता जूनच्या पहिल्या पावसानंतर आठवड्याला एकदा बघितली असती तर मासे आणण्यापूर्वीच सगळं दिसलं असतं. नवी पिल्लं थेट जुन्या टाक्यांत सोडली, वेगळी ठेवली नाहीत. या वेळी रोग नव्हता म्हणून ते निभावलं.

फ्रीजरमधल्या पिशवीत पहिला आठवडा गेला. पहिल्याच दिवशी दवाखान्याला किंवा मत्स्य प्रयोगशाळेला फोन करून “मासे कसे आणू” एवढं विचारलं असतं तर तो वाचला असता. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘रिपोर्ट फिश डिसीज’ नावाचं ॲप आणलं. मरतुकीची माहिती फोटोसह वर तज्ज्ञांपर्यंत पोचवायला ते आहे. आमच्यापैकी कोणीच ते वापरलं नाही. काकूंच्या फोनमध्ये ते आता आहे.

पीसीआरबद्दल माझं आणि डॉक्टरांचं अजून जमत नाही. अल्कोहोलमधली बाटली आम्ही पाठवली नाही. पाण्याने सगळं समजावलं होतं आणि काकूंचे पैसे आधीच बुडाले होते. डॉक्टर म्हणतात, गोल्डफिश बाहेरून आणून दुकानांना विकणाऱ्याने विषाणू नाही हे एकदा कागदावर घ्यावं, कारण इथून मासे चार तलावांत जातात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बाटली दवाखान्याच्या फ्रीजमध्ये आहे आणि पुढचं खोकं मुंबईहून येईल तेव्हा त्यातल्या एका माशाबरोबर ती पाठवायची, खर्च दोघांनी वाटून घ्यायचा, असं ठरलंय.